मांजराच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची सूज: घरी काय बघायचं, दवाखान्यात काय मागायचं

मांजराची चाल बिघडली, मान एका बाजूला कलली किंवा आकडी आली की कोकणात बहुतेक घरांत निदान एका मिनिटात होतं: 'कुणीतरी मारलंन' नाहीतर 'विष खाल्लंन'. दोन्ही शक्यता खऱ्या असतात. पण अंगावर जखम नाही आणि बिघाड दोन-चार दिवस वाढतच चालला आहे, असं असेल तर मेंदू, मज्जारज्जू किंवा त्यांच्यावरचं आवरण सुजलेलं असू शकतं. डॉक्टरांच्या कागदावर याला मेनिन्गोएन्सेफलोमायलायटिस म्हणतात.

सूज येण्याची कारणं बरीच आहेत. तीनेक वर्षांच्या आतल्या मांजरांत सगळ्यात पुढे एफआयपी, म्हणजे आतड्यातल्या साध्या कोरोना विषाणूने रूप बदलून केलेला आजार. त्याखेरीज टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्रिप्टोकोकस ही बुरशी, कानातून किंवा चाव्याच्या गळवातून आत शिरलेले जिवाणू, आणि तपासूनही कारण न सापडणारी सूज. आणि रेबीज. रेबीजला इलाज नाही. बाकीच्यांना बहुतेक वेळा आहे, पण एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. कारण न सापडलेली सूज ज्या स्टेरॉइडने उतरते, त्याच स्टेरॉइडवर बुरशी आणि टॉक्सोप्लाझ्मा फोफावतात. म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे ठरवूनच पुढे जायचं.

आधी स्वतःचे हात

बाहेर फिरणारं, रेबीजची लस नसलेलं किंवा लसीची तारीख उलटलेलं मांजर अचानक वेगळं वागू लागलं तर ते रेबीजचं आहे असं धरूनच हाताळा. माणसाळलेलं मांजर विनाकारण अंगावर येतं किंवा अडगळीत जाऊन बसतं, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही.

किनारपट्टीवर इथे एक चूक हमखास होते. लाळ गळतेय, तोंड मिटत नाही म्हणजे घशात काटा अडकला, असं समजून घरातलं कुणीतरी बोट घालून काटा शोधायला लागतं. काटा अडकलेलं मांजर पंजाने तोंड ओरबाडतं, सारखं आवंढे गिळतं, पण त्याची चाल सरळ असते आणि नजर ओळखीची असते. चाल बिघडलेली आणि तोंड उघडं, अशा मांजराच्या तोंडात बोट घालायचं नाही. पातळ औषधही पाजायचं नाही.

उचलायचं तर जाड गोधडी किंवा गोणपाट वरून टाकून, चारही बाजूंनी गुंडाळून. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असतात. रक्त आलेलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिद्रव्य) लागतं. चावलेलं मांजर दहा दिवस बघायचं, हा नियम धडधाकट मांजरासाठी आहे, आणि त्यातही लस पहिल्या दिवशीच सुरू होते. चावताना मांजर लडखडत असेल तर 'बघू दहा दिवस' म्हणून थांबायचं नाही. मांजर मेलं तर पुरण्याआधी गुरांच्या दवाखान्यात कळवा. रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरूनच होते, आणि घरात कुणाला चावलेलं असेल तर ती खात्री कामाची असते.

सुजेसारखं दिसणारं, पण सूज नसलेलं

या यादीत वेळ घालवायला हरकत नाही, कारण यातली काही दुखणी काही तासांत बरी होतात आणि काही तासांत मारतात.

पहिली कच्ची मासळी. हेरिंग आणि अँकोव्ही यांच्या गोतातल्या अनेक माशांत थायामिनेज नावाचं द्रव्य असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. आपल्याकडची तारली आणि मांदेली याच गोतातली. बंदरावर किंवा बाजाराच्या मागे मांजराला रोज कच्ची तारलीच मिळत असेल, भात-पोळी, मटण काही नसेल, तर काही आठवड्यांत आधी खाणं सुटतं, मग हनुवटी छातीकडे झुकते, बाहुल्या मोठ्या होतात, पाय लटपटतात आणि शेवटी आकड्या येतात. बाहेरून हे मेंदूच्या सुजेसारखंच दिसतं. फरक असा, की थायामिनचं इंजेक्शन मिळालं तर एक-दोन दिवसांत स्पष्ट सुधारणा दिसते. डॉक्टर साधारणपणे एका मांजराला दिवसाला २५ ते ५० मिग्रॅ देतात. औषध स्वस्त आहे, धोका जवळजवळ नाही. मासळीवर वाढलेल्या लडखडत्या मांजराला ते पहिल्याच भेटीत द्या, असं डॉक्टरांना आपणहून सुचवायला काहीच हरकत नाही. शिजवलं की थायामिनेज मोडतं. मीठ लावून वाळवल्याने ते मोडतंच असं नाही.

दुसरं गोचिडीचं औषध. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रीन किंवा गुरांना फवारायचं डेल्टामेथ्रीन मांजराला लावलं, किंवा नुकत्याच फवारलेल्या वासराला ते चिकटून झोपलं, तर काही तासांत कान आणि कातडी फडफडू लागते, अंग थरथरतं, मग आकडी येते. मांजराच्या यकृतात हे मोडायची सोय फार तोकडी असते. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने अंग धुवा, कोरडं करा, उबेत ठेवून दवाखान्यात न्या. गरम पाणी नको, त्याने कातडीतून औषध जास्त शोषलं जातं.

मागचे दोन्ही पाय एका क्षणात गेले, मांजर जिवाच्या आकांताने ओरडतंय, पाय थंडगार आणि तळवे पांढुरके किंवा निळसर पडलेत, तर ती मज्जारज्जूची सूज नाही. रक्ताची गाठ मोठ्या धमनीत अडकली आहे. तसंच निघायचं, पाय चोळत बसायचं नाही.

पावसाळ्यात रात्री बाहेर असलेलं मांजर सकाळी लुळं सापडलं, सूज नाही, दाताची खूण दिसत नाही आणि श्वास उथळ होत चाललाय, तर मण्यार आठवा. उंदराचं झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या मांजराला उलट्या होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो आणि तासाभरात आकड्या लागू शकतात. म्हाताऱ्या, मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्या मांजराला अचानक दिसेनासं झालं तर आधी रक्तदाब मोजा. जुलाबासाठी मेट्रोनिडेझोल जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात दिलं गेलं असेल तर तेवढ्यानेही मांजर झोकांड्या खातं; औषध थांबवलं की उतरतं.

कानाचं दुखणं ओळखायला जरा अवघड. मान कलते, मांजर एका बाजूला पडतं, बुबुळं आडवी नाचतात. पण मांजर जागं, तरतरीत असतं आणि पंजे जमिनीवर बरोबर टेकतात. पंजा उलटा पडत असेल, गुंगी असेल किंवा बुबुळं वर-खाली नाचत असतील तर बिघाड कानाच्या पलीकडे, मेंदूपर्यंत गेला असं समजा. कानातला पूही हाड ओलांडून आत जाऊ शकतो, म्हणून कान तपासून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पाच मिनिटांत घरची तपासणी

रेबीजची शंका नसेल तरच ही करा. मोबाइलवर चित्रण करत करा, कारण दवाखान्यात घाबरलेलं मांजर टेबलाला चिकटून बसतं आणि काहीच दाखवत नाही.

लादीवर चालवू नका, चांगलं मांजरही घसरतं. सारवलेली जमीन, खळं किंवा पसरलेलं गोणपाट घ्या. मागून आणि बाजूने चालताना चित्रण घ्या. पाय ओढतंय का, पाय ओलांडतायत का, एकाच दिशेला गोल फिरतंय का? गोल फिरण्याची दिशा लिहून ठेवा. पुढच्या मेंदूतला बिघाड बहुधा त्याच बाजूला असतो.

मग पोटाखाली हात देऊन वजन पेला आणि एकेक पंजा उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला लागेल असा टेकवा. निरोगी मांजर तत्क्षणी पंजा सरळ करतं. उशीर होत असेल तर मज्जातंतूंच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. चारही पंजे तपासा: फक्त मागचे दोन बिघडले असतील तर बिघाड पाठीत, एकाच बाजूचे पुढचा-मागचा बिघडले असतील तर मानेत किंवा मेंदूत.

मोबाइलचा टॉर्च प्रत्येक डोळ्यावर टाका. बाहुल्या सारख्या आकुंचतात का? डोळ्यात आत धुरकट, रक्ताळ किंवा राखाडी काही दिसतंय का? एफआयपी, टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकोकस तिन्ही डोळ्यात उतरतात, म्हणून डोळा हा या तपासणीतला सगळ्यात स्वस्त पुरावा आहे. एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर हात आणा, पण वारा लागणार नाही आणि मिशांना स्पर्श होणार नाही असा, आणि डोळा मिटतो का बघा.

मान हाताने वाकवू नका. सुरमईचा शिजवलेला तुकडा नाकासमोर धरून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. डोळ्यांनी तुकड्याचा माग काढतं पण मान उचलत नाही, म्हणजे दुखतंय. आवरणाच्या सुजेत हे बऱ्याचदा दिसतं. पाठीवरून नुसता हात फिरवला तरी कातडी थरथरते.

ताप गुदद्वारातूनच मोजायचा. डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून सुमारे दोन सेंटीमीटर आत. मांजराचं साधारण तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. एफआयपीचा ताप अँटिबायोटिकने उतरत नाही, म्हणून दिलेल्या औषधाची आणि तापाची तारीख शेजारी शेजारी लिहा. त्याच कागदावर वजन, लसी, आठवडाभरात काय खाल्लं, कुठली मासळी, अंगाला काय लावलं, कबुतरांचा वावर आणि इतर मांजरांशी मारामारी हेही लिहा.

आकडी आली तर

मांजराला धरू नका. आजूबाजूची पाटी, विळी, जिन्याची कड तेवढी दूर करा, डोक्याखाली फडकं सरकवा, दिवा मंद करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. आकडी आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांवर गेलेली आकडी किंवा २४ तासांत दोनपेक्षा जास्त आकड्या, ही तातडीची वेळ. एप्रिल-मेच्या उकाड्यात आकडीने अंग फार तापतं. तळवे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा, बर्फ नको.

पुन्हा आकडी येण्याची शक्यता असेल तर गुदद्वारातून द्यायच्या डायझेपामची चौकशी करा, विशेषतः दवाखाना दोन तासांवर असेल तर. प्रमाण साधारण किलोमागे अर्धा ते १ मिग्रॅ, पण तुमच्या मांजराचं नेमकं किती मिली ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. औषध काचेच्या अँप्यूलमध्येच ठेवा. प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून ठेवलं तर ते प्लास्टिकला चिकटतं आणि ऐनवेळी कमी पडतं. डायझेपामच्या गोळ्या रोज तोंडाने देणं मांजरात टाळतात, काही मांजरांचं यकृत त्याने अचानक निकामी होतं. रोजच्यासाठी फेनोबार्बिटोन, किंवा लेव्हेटिरासेटम किलोमागे २० मिग्रॅ दर आठ तासांनी. माणसांचं १०० मिग्रॅ प्रति मिली सिरप असेल तर ३ किलोच्या मांजराला एका वेळी ०.६ मिली. आठ तास म्हणजे आठच तास. रात्रीचा डोस चुकला की पहाटे आकडी येते.

दवाखाना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-म्हैस जास्त आणि मांजर कमी, हे खरं. तरीही पहिली निम्मी कामं तिथे होतात. फिरत्या पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. नेताना मानगुटीला धरून लटकवायचं नाही. मानेत किंवा पाठीत सूज असेल तर तेवढ्यानेही पाय जाऊ शकतात. आंब्याच्या प्लास्टिक क्रेटमध्ये गोधडी, वर दुसरा क्रेट उलटा, चारही कोपऱ्यांना दोरी. गुंगीत असेल तर डोकं आणि छाती मिळून थोडी उंच ठेवा. नुसती मान उशीवर वाकवली तर रक्त परत फिरायला अडतं आणि मेंदूवरचा दाब वाढतो.

आत गेल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगा: रक्त काढेपर्यंत स्टेरॉइड नको. गावोगाव 'ताकदीचं' म्हणून डेक्सामेथासोन टोचलं जातं. मांजर दोन दिवस जेवतं, सगळे खूश होतात, आणि बुरशी असेल तर तिसऱ्या आठवड्यात मांजर हाताबाहेर जातं. शिवाय नंतरच्या तपासण्या धूसर होतात. दाब इतका वाढलाय की आता दिलं नाही तर जाईल, असं डॉक्टरांचं मत असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी दोन मिली रक्त काढून ठेवता येतं. पॅरासिटामोल मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते.

मागायच्या तपासण्या अशा: रक्तपेशी, साखर, पोटॅशियम, एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन, एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची पट्टी. पोटॅशियम फार घसरलं तरी मान झुकते, साखर घसरली तरी आकडी येते. या दोन्ही तिथल्या तिथे कळतात. अल्ब्युमिनला ग्लोब्युलिनने भागा. उत्तर ०.४ च्या खाली असेल तर एफआयपीकडे बोट जातं, ०.८ च्या वर असेल तर ती शक्यता बरीच कमी होते. मधला आकडा आला तर त्यावरून काही ठरवू नका, आणि मेंदूच्या कोरड्या, म्हणजे पोटात पाणी न होणाऱ्या एफआयपीत हा आकडा कधी कधी फसवतो हेही लक्षात असू द्या. नुसती कोरोना अँटिबॉडी तपासून पैसे घालवू नका. मासळी बाजाराजवळची बरीच मांजरं कधी ना कधी या विषाणूला भेटलेली असतात.

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या माणसांच्या लॅबमध्ये यातलं बरंच करून मिळतं, पण एक मेख आहे. क्रिप्टोकोकसची अँटिजेन चाचणी थेट बुरशीचा अंश शोधते, म्हणून माणसांच्या लॅबमध्ये केलेली मांजरालाही चालते. टॉक्सोप्लाझ्माची अँटिबॉडी चाचणी माणसाचं प्रतिद्रव्य ओळखायला बनवलेली असते, तिथे मांजराचं रक्त दिलं तर निकाल निरर्थक. ती जनावरांच्या लॅबमध्येच पाठवा. नमुना पाठवायचा तर सीरम वेगळं करून, बर्फाच्या डब्यात. उन्हात दुचाकीच्या डिकीतून गेलेलं रक्त फुटतं.

मेंदूच्या पाण्याची (मेंदू-मज्जारज्जूभोवती असतं ते) तपासणी आणि एमआरआय यांसाठी मुंबई-पुणे गाठावं लागतं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आधी गोव्यात चौकशी करावी. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, अवघड रुग्ण तिकडेच पाठवले जातात. पाणी काढायला पूर्ण भूल लागते, आणि आत दाब वाढलेला असेल तर सुई घालताच मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तिथे आधी एमआरआय. एफआयपीत या पाण्यात प्रथिनं खूप, बहुधा २०० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या वर, आणि पेशीही भरपूर असतात. त्याच थेंबांवर कोरोनाची पीसीआर करून घ्या, पुन्हा भूल देणं परवडत नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. आकड्या येत असलेल्या मांजराला आठ तास महामार्गावरून नेणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. दोन वर्षांचं मांजर, ताप, ग्लोब्युलिन चढलेलं, डोळा धुरकट, क्रिप्टोकोकस नाही, एवढं जुळत असेल तर अनुभवी डॉक्टर एमआरआयशिवायही एफआयपीचं औषध सुरू करतात आणि आठवड्यात मिळणाऱ्या प्रतिसादावरून निदान पक्कं करतात. एमआरआय नाही म्हणून उपचार नाही, असं काही नाही.

औषधं

एफआयपीवर २०१९ पासून जीएस-४४१५२४ हे औषध वापरात आहे. कोविडमुळे ओळखीचं झालेलं रेमडेसिवीर शरीरात मोडल्यावर हेच बनतं. पोटात पाणी झालेल्या एफआयपीपेक्षा मेंदूच्या एफआयपीला डोस जास्त लागतो, कारण औषध मेंदूत कमी पोहोचतं: किलोमागे रोज २० मिग्रॅ, दोन भागांत, ८४ दिवस. म्हणजे ३ किलोला सकाळी ३० आणि संध्याकाळी ३०. गिळता येत नसेल तर सुरुवातीचे दिवस दवाखान्यात रेमडेसिवीर शिरेतून.

मांजर बरं होऊ लागतं तसं वजन वाढतं आणि तोच डोस कमी पडू लागतो. मेंदूच्या एफआयपीत उपचार फसण्याचं हे एक मोठं कारण. दर रविवारी त्याच काट्यावर वजन करा. ३ चं ३.५ किलो झालं की रोजचे ६० चे ७० मिग्रॅ झाले पाहिजेत. डोस वर न्यायचा, खाली कधीच नाही. दुसरं कारण, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण नेहमी जुळत नाही, म्हणून औषध डॉक्टरांच्या खात्रीच्या वाटेनेच घ्या आणि मध्येच कंपनी बदलू नका. मोलनुपिरावीर हा पर्यायही डॉक्टर वापरतात. त्याच्या गोळ्या फोडताना हातमोजे घाला, गरोदर बाईने त्याला हात लावू नये.

टॉक्सोप्लाझ्मासाठी क्लिंडामायसिन, किलोमागे १० ते १२.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, किमान चार आठवडे. ही गोळी किंवा कॅप्सूल कोरडी दिली तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते आणि पुढे नळी आवळते. प्रत्येक वेळी मागून सिरिंजने ५-६ मिली पाणी किंवा पातळ पेज द्या. डॉक्सीसायक्लिनलाही हाच नियम.

क्रिप्टोकोकस बहुधा नाकातून शिरतो, आणि कबुतरांच्या विष्ठेत तो सापडतो. नाकाचा आकार फुगलेला, एका नाकपुडीतून सतत शेंबूड, मग चाल बिघडली, असा क्रम दिसला तर तीच शंका पहिली. फ्लुकोनाझोल साधारण ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, मेंदूत असेल तर सुरुवातीला अँफोटेरिसिन-बी. हे काम महिन्यांचं आहे, आणि मांजर कसं दिसतं यावरून औषध थांबवायचं नसतं. अँटिजेनचा आकडा शून्यावर यावा लागतो.

कानातून आत गेलेल्या जिवाणूंना अनेक आठवडे अँटिबायोटिक आणि कधी कानामागची शस्त्रक्रिया लागते. हे सगळं नाकारलं गेल्यावरच 'कारण न सापडलेली सूज' म्हणून प्रेडनिसोलोन, आणि तेही हळूहळू उतरवत.

लुळ्या मांजराची घरची उस्तवार

औषधात चुकण्यापेक्षा इथे चुकल्याने जास्त मांजरं हातची जातात. मागचं अंग लुळं असेल तर आधी लघवी बघा. अंथरूण ओलं म्हणजे लघवी होतेय असा अर्थ नाही. भरलेल्या मूत्राशयातून नुसती गळतीही होते. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी बोटं सपाट ठेवून चाचपा. लिंबाएवढी घट्ट गोळी लागली तर ती भरलेली आहे. बोटांची टोकं न टोचता तळव्याने दोन्हीकडून सावकाश दाब वाढवत न्या आणि धार सुरू झाली की तोच दाब धरून ठेवा. दिवसातून तीनदा. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर शिका. बोक्याला जोर लावूनही धार येत नसेल तर दाबू नका, नळी अडली असेल तर मूत्राशय फुटतं.

दर चार तासांनी कूस बदला. खाली जुनी गोधडी आणि वर सुती फडकं, पावसाळ्यात फडकी चुलीवरच्या उबेवर पूर्ण वाळवून. ओलसर अंथरुणावर दोन दिवसांत कातडी सोलते आणि शेपटीखाली माशा अंडी घालतात. मागचे केस कापून टाका. पायांचे सांधे दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दहा वेळा हळू वाकवून सरळ करा, दुखलं तर थांबा.

दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, म्हणून 'आज नाही तर उद्या जेवेल' चालत नाही. पडून असलेल्या ३ किलोच्या मांजराला रोज सुमारे १६० कॅलरी लागतात, ४ किलोला २००. नुसत्या पेजेने हे भागत नाही. शिजवलेला मासा किंवा कोंबडी, काटे काढून, वाटून, गाळून. सिरिंजने भरवताना मांजर छातीवर बसलेलं आणि मान सरळ हवी, एका वेळी अर्धा मिली, आणि गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा. खोकला येत असेल किंवा घास तोंडातच राहत असेल तर भरवणं थांबवा. अशा मांजराला मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून घेणं सोपं पडतं. नळीतून औषधंही जातात आणि रोजची झटापट संपते.

घरातली माणसं आणि बाकीची मांजरं

टॉक्सोप्लाझ्माची अंडी विष्ठेतून पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. पुळण भरून ठेवलेला ट्रे रोजच्या रोज साफ केला तर धोका बहुतेक तिथेच संपतो. ते काम गरोदर बाईकडे देऊ नका. परसात माती खणताना आणि भाजी धुतानाही तिने काळजी घ्यावी, कारण मांजरं वाफ्यातही विष्ठा करतात. एफआयपी झालेल्या मांजराला सहसा वेगळं काढावं लागत नाही, मात्र साधा कोरोना ट्रेमधून पसरतो, म्हणून मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा आणि खाण्याची भांडी लांब.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना, दुसरी वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मासळी उकळून, एकाच जातीची रोज नको, आणि उकळलेलं पाणी फेकू नका; त्यात उतरलेलं बी-१ भातात कालवून जाऊ द्या.

एफआयपीचं औषध बंद केल्यावर पुढचे ८४ दिवसही वजन आणि ताप लिहीत राहा, चार-चार आठवड्यांनी अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन तपासा. मेंदूत पाणी साचून गेलं असेल तर थोडी लडखड कायमची राहते. ती वाढत नसेल तर तो जुना व्रण आहे, आजार उलटलेला नाही. पण खाणं कमी, पुन्हा ताप, उडी मारायची टाळाटाळ, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सोबत आधीच्या डोसचा हिशोब, वजनांची वही आणि औषधाची रिकामी बाटली न्या. उलटलेल्या एफआयपीला आधीपेक्षा वरचा डोस लागतो, आणि तो किती वर न्यायचा हे त्या वहीवरूनच ठरतं.